पाण्यावर निवणारी पेटी

आपल्या स्मरणिकेच्या पानांवर मधुमेह, लठ्ठपणा, लसीकरण आणि परदेशची प्रवासवर्णने यांचा राबता असतो. यंदा एका पेटीविषयी लिहिण्याची मुभा मी संपादक मंडळाकडून मागून घेतली. पेटी अ‍ॅक्रिलिकची आहे. तिच्यात संगणक आहे आणि त्याच्या अंगची उष्णता फिरत्या पाण्याने काढून नेली जाते. बाजारात तयार पेटी मिळत असताना आमच्या कन्येने बारावीनंतरच्या सुट्टीत ही पेटी स्वतः बांधली आणि लालबागेजवळच्या आमच्या घराची मागची ओसरी त्यासाठी दोन महिने अडवून ठेवली. या लेखाचा हेतू तिचे कौतुक करणे हा नाही. त्या दोन महिन्यांत निदान दहा स्नेह्यांनी मला विचारले, की डॉक्टरांच्या घरच्या मुलांनी असले उद्योग करावेत काय? त्याचे उत्तर मला येथे सविस्तर द्यावयाचे आहे. उत्तर ‘करावेत’ असेच आहे. परंतु त्याला काही अटी आहेत, आणि मला अधिक बोलावयाचे आहे ते त्या अटींविषयी.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. विश्रांत अवस्थेतील प्रौढ मनुष्य साधारणतः ८० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तीन किलो वजनाचे नवजात बालक जेमतेम ७ वॅट निर्माण करते. संगणकाचा प्रोसेसर जोराने काम करू लागला की १०० वॅटच्या पुढे जातो आणि चित्रफितींसाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड २०० ते ३०० वॅटपर्यंत. माणसाला ही उष्णता टाकण्यासाठी पावणेदोन चौरस मीटर त्वचा मिळाली आहे. प्रोसेसरच्या वाट्याला अंगठ्याच्या नखाएवढी जागा येते. आम्हा बालरोगतज्ज्ञांचे सारे आयुष्य याच्या उलट प्रश्नाशी झुंजण्यात जाते. नवजाताचे वजन थोडे आणि पृष्ठभाग त्या मानाने फार, म्हणून ते झरझर थंड पडते. त्याला गुंडाळा, आईच्या छातीशी धरा, असे आम्ही सांगत असतो. एकाच नियमाची ही दोन टोके आहेत, आणि कन्येला हे समजावताना माझ्याच विषयाची उजळणी झाली.

पाण्याची निवड का, हेही सोपे आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत ठेवले, तर ३०० वॅट उष्णता वाहून नेताना ते अवघे चार-सव्वाचार अंश तापते. प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी न्यायचे, ते रेडिएटरमध्ये पंख्यासमोर निववायचे, टाकीत आणायचे आणि पंपाने पुन्हा ढकलायचे. हृदय, रक्त आणि त्वचेखालच्या केशवाहिन्या यांची आठवण कोणाही वैद्यकाला होईल.

ही कल्पना मुलांच्या फॅशनमधून उगवली असा अनेकांचा समज दिसतो. वस्तुतः आयबीएमची मोठी यंत्रे १९६० च्या दशकातच पाण्याने निववली जात होती. १९८५ साली सेमूर क्रे यांचा क्रे-२ हा महासंगणक आला. त्याची सर्व मंडले फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात चक्क बुडवलेली होती. त्या द्रवाचे कूळ परफ्लुओरोकार्बनचे. या कुळातील द्रवांत प्राणवायू भरपूर विरघळतो. त्यात बुडवलेले उंदीर श्वास घेत जिवंत राहतात हे क्लार्क आणि गोलान यांनी १९६६ मध्ये दाखविले होते, आणि १९८९ मध्ये फिलाडेल्फियात अत्यवस्थ अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या फुप्फुसांत असा द्रव भरून पाहण्यात आला. ती पद्धत रूढ झाली नाही. तरी संगणकाची आणि नवजाताची अशी गाठ पडलेली पाहून मला विलक्षण वाटले होते.

आपल्याकडे मुरंब्याचे, म्हणजे अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्याच मालिकेतला ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसला, तेव्हा त्याचे प्रोसेसर द्रवानेच निववण्याची योजना होती. फार लांब कशाला जावे, आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या प्रचंड विद्युतचुंबकांतूनही शुद्ध पाणीच खेळते. आमच्या ओसरीवर जे चालले होते ते याच घराण्यातले, फक्त धाकटे.

आणि इंदूरला निवाऱ्याचे वेड जुनेच आहे. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधवून घेतली आणि त्या काळात तिच्यात वातानुकूलनाची व्यवस्था करविली. आमच्या लालबागेचे वैभव वेगळ्या जातीचे आहे. तेथे झुंबरे आणि संगमरवर आहे, आणि उन्हाळ्याचा बंदोबस्त उंच छतांवर व वाळ्याच्या ताट्यांवर सोपवला असावा, असे तेथे फिरताना वाटते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या छंदातील जाहिरातबाजी ती झाकून ठेवते. रेडिएटरमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४१-४२ अंशांवर असेल आणि खोली ३७ वर असेल, तर पाणी ३७ च्या वरच राहणार. त्याच खोलीतला मातीचा माठ मात्र खोलीहून थंड असतो, कारण त्याच्या अंगातून पाणी झिरपते, उडून जाते आणि जाताना उष्णता नेते. हजारो रुपयांच्या रेडिएटरला जे साधत नाही ते माठाला साधते, हे कन्येने स्वतः तापमापक लावून पाहिले आणि दोन दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही. मग तिने टाकीत बर्फ टाकण्याची कल्पना काढली. हवेतली वाफ थंड नळ्यांवर दवासारखी जमते आणि ते दव विजेच्या भागांवर ठिबकते, हे तिला आकृती काढून दाखवावे लागले. जूनच्या पहिल्या पावसानंतर थंड पाण्याच्या पेल्याला फुटलेला घाम पाहून तिची खात्री पटली.

आता अ‍ॅक्रिलिकविषयी. हा पदार्थ आपल्या व्यवसायाच्या इतका निकटचा आहे की त्याचे नाव घेताना आपण टोपी काढावी. लढाऊ विमानांच्या अ‍ॅक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे हॅरोल्ड रिडली यांनी हेरले आणि १९४९ मध्ये लंडनला त्याच पदार्थाचे पहिले भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. जॉन चार्नली यांनी सांधा बसवताना वापरलेले हाडांचे सिमेंट याच जातीचे. दंतवैद्यांच्या कवळ्या त्याच्याच. आमच्या विभागातील इनक्युबेटरचे झाकण आणि प्राणवायू देण्याची डोक्यावरची पेटीही त्याचीच. मी निवासी डॉक्टर असताना वॉर्डातल्या अशा पेट्यांच्या कडा नेहमी तडकलेल्या असत आणि त्यांना चिकटपट्टी लावलेली असे. कारण कोणी सांगत नसे. ते मला या उन्हाळ्यात एका नामफलकवाल्याने सांगितले.

हा गृहस्थ दुकानांच्या पाट्या आणि समारंभांची स्मृतिचिन्हे करतो. (आपल्या संस्थेने आजवर जी वाटली त्यांपैकी काही बहुधा त्याच्याच हातची असतील.) अ‍ॅक्रिलिकची शीट दोन प्रकारची असते, साच्यात ओतलेली आणि यंत्रातून दाबून काढलेली. दाबून काढलेल्या शीटच्या अंगात ताण दडलेला असतो. लेझरने कापलेल्या कडेतही तो उरतो. अशा कडेला स्पिरिट लागले की केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. वॉर्डात प्रत्येक गोष्ट स्पिरिटने पुसण्याची शिस्त आम्हाला लावली होती, आणि तीच पेट्यांना खात होती. साबणाचे कोमट पाणी पुरले असते. एम. डी. होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाल्यावर ही माहिती पाट्या रंगवणाऱ्याकडून मिळावी याची मला लाज वाटली नाही, आनंद वाटला.

कन्या प्रथम त्याच्याकडे संगणकावर काढलेला रेखीव आराखडा घेऊन गेली होती. त्याने तो उलटा करून ठेवला आणि म्हणाला, “बिटिया, पहले गत्ते का बना के लाओ.” मग औषध कंपन्यांच्या नमुन्यांची खोकी कापून पुठ्ठ्याची पेटी तयार झाली. तिच्यात रेडिएटर बसेना, आणि बसवला तर पंपाची नळी वळेना. पुठ्ठ्याच्या चार पेट्या झाल्या, तेव्हा कुठे पाच मिलिमीटर जाडीची ओतीव शीट कापण्यात आली. छिद्रे पाडतानाही त्याचा सल्ला उपयोगी पडला. लोखंडाचा धारदार ड्रिल अ‍ॅक्रिलिकला चावतो आणि तडकवतो, म्हणून त्याची धार थोडी मारून, हळू फिरवून, साबणाचे पाणी सोडत जायचे.

जोडकामाची रीत तर आपल्यापैकी कित्येकांना आपली वाटेल. अ‍ॅक्रिलिकला गोंद चालत नाही; दोन कडा एकमेकींत विरघळवाव्या लागतात आणि त्यासाठी आपल्याकडील कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात. होय, १८४७ साली एडिंबरोत सिम्पसन यांनी प्रसूतिवेदनांवर वापरलेले तेच. दोन कडा घट्ट धरायच्या, सिरिंजच्या बारीक सुईने फटीच्या तोंडाशी थेंब सोडायचे. केशाकर्षणाने द्रव फटीत आपोआप धावतो आणि काही सेकंदांत दोन्ही तुकडे एकजीव होतात. माझ्या कपाटात उकळून वापरण्याच्या काळातली काचेची एक सिरिंज होती, ती येथे कामी आली. मात्र ही पहिली अट: हे काम उघड्यावर, वारा पाठीकडून येत असताना आणि जाणत्या माणसाच्या देखत व्हावे. क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून गेला तो हृदयाला आणि यकृताला घातक ठरला म्हणून, याची आठवण डॉक्टराच्या मुलांना कोणी करून द्यावयाची?

दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. या यंत्रांत साध्या पाण्याऐवजी बाजारातले रंगीत शीतक भरण्याची प्रथा आहे आणि त्यांपैकी पुष्कळांत ग्लायकॉल असते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक. त्याचेच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून ते पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधातून तेच विष गेले आणि वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. त्या आठवड्यांत आपल्या राज्यातील प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने आपल्या जुन्या चिठ्ठ्या मनातल्या मनात पुन्हा वाचल्या असतील. अशा पार्श्वभूमीवर घराच्या ओसरीत निळ्या-गुलाबी गोड द्रवाची बाटली उघडी ठेवणे मला मान्य नव्हते. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल ठेवले जाते आणि तान्हुले ते पिते, असे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. आमच्या पेटीत केवळ डिस्टिल्ड पाणी आहे. रंग नाही म्हणून कन्येच्या मैत्रिणींना ती फिकी वाटली. वाटो.

पाणीही कोणतेही चालत नाही. नळाला येणारे नर्मदेचे पाणी क्षारांमुळे तांब्याच्या बारीक खाचांत थर धरते. तांब्याच्या ठोकळ्याला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडला, तर दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजत जातो. स्वस्त रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून तांब्याचा शोधण्यात आठवडा गेला. जोडण्या, ओ-रिंग, पितळेचे सांधे यांसाठी सियागंजच्या फेऱ्या झाल्या. तेथील दुकानदारांनी पहिल्या दिवशी तिला “पापा को भेजो” म्हटले आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी मागच्या खोलीतून खोकी उघडून दाखवली.

मग गळतीची परीक्षा. संगणकाला वीज न देता फक्त पंप चोवीस तास चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवायचा. तिसऱ्या तासाला टाकीच्या तळाचा कागद ओला झाला. तो सांधा पुन्हा करावा लागला, म्हणजे टाकीच नवी करावी लागली. दुसऱ्या वेळी कागद कोरा राहिला. नळ्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे काढण्यासाठी पेटी निरनिराळ्या बाजूंना कलती करून टिचक्या मारतात. सलाईनचा संच लावणारी आमची परिचारिका त्या दिवशी काही कामाने घरी आली होती, तिने हे काम सर्वांपेक्षा चांगले केले.

या परीक्षेवर मी इतका भर देतो, त्याला एक कारण आहे. २०२० च्या साथीत तैवानच्या एका भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या डोक्यावर ठेवण्याची, हातांसाठी दोन भोके असलेली अ‍ॅक्रिलिकची पेटी तयार केली आणि आराखडा सर्वांसाठी खुला केला. हेतू उदात्त होता. आठवड्याभरात ती जगभर पोचली. भारतातही गावोगावच्या कारागिरांनी ती बनविली आणि दात्यांनी रुग्णालयांना भेट दिली. पुढे मोजमापे झाली तेव्हा दिसले की पेटीमुळे नळी घालण्यास वेळ अधिक लागतो, हात अवघडतात आणि भोकांतून येणारे दूषित तुषार डॉक्टरांच्याच तोंडावर येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा, हवा शोषून न घेणाऱ्या पेट्यांची सरसकट परवानगी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेतली. ओला टिपकागद मान्य करण्याची सवय लागली पाहिजे, ती सतराव्या-अठराव्या वर्षी लागली तर उत्तम. पाठ्यपुस्तकात ऐंशी टक्के बरोबर आले की प्रथम श्रेणी मिळते. सांधा मात्र ऐंशी टक्के बरोबर असून चालत नाही.

आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. एखादा बरा हवेचा कूलर प्रोसेसरवर बसवला असता तर खर्चाच्या लहानशा भागात काम भागले असते. आमच्या पेटीत तापमानात दहा-बारा अंशांचा फरक पडला आणि आवाज कमी झाला. एवढ्यासाठी हा व्यवहार आतबट्ट्याचाच. ज्याला केवळ संगणक हवा आहे त्याने हे करू नये.

दुसरा आक्षेप असा, की मूल आधीच पडद्याला चिकटलेले, त्यात हे खूळ कशाला? दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून अधिक नको, या भारतीय बालरोग अकादमीच्या शिफारशी मी रोज ओरडून सांगतो आणि सांगत राहीन. परंतु मोठ्या मुलांच्या बाबतीत पालक फक्त तास मोजतात, ते तास कशात गेले हे पाहत नाहीत. ज्या दोन महिन्यांत ही पेटी झाली, त्या काळात तिचा संगणक सुटा होऊन खोक्यात पडलेला होता. कानस, फुटपट्टी आणि सॅण्डपेपर यांच्यासमोर गेलेले ते तास पडद्याच्या खात्यात कसे घालणार?

तिसरा आक्षेप स्पष्ट शब्दांत कोणी मांडत नाही, पण तो सर्वांत खोल आहे. “हे मिस्त्रीचे काम” असे एक ज्येष्ठ व्यवसायबंधू हसत म्हणाले. आपला इंदूरचा मराठी समाज दरबारी, शिक्षकी आणि डॉक्टरी पेशांत स्थिरावला. हातात पाना घेणारा मनुष्य आपल्या घरी मागच्या दाराने येतो. आपल्याच शल्यचिकित्सकांचे नाव हाताच्या कौशल्यावर चालते, हे आपण सोयीने विसरतो. नव्या निवासी डॉक्टरांना नवजाताच्या हाताला सुई लावताना मी पाहतो. गुण उत्तम असतात, पण बोटांना सवय नसते. कारण सहावीपासून बारावीपर्यंत त्या बोटांनी पेन आणि माऊस यांशिवाय काहीच धरलेले नसते. शिकवणीच्या वर्गांना मी दोष देत नाही, ते मागणी पुरवतात. मागणी आपली आहे. कन्या पुढे कोणती शाखा घेणार, असे हे बंधू लगेच विचारते झाले. तो प्रश्न या पेटीशी जोडलेला नाही आणि मी तो जोडू देणार नाही.

आपली संस्था रक्तदान शिबिरे भरवते, आरोग्य तपासण्या करते आणि दरवर्षी स्नेहसंमेलन घेते. कार्यकारिणीसमोर माझा लेखी प्रस्ताव असा आहे, की सभासदांच्या आणि शेजारपाजारच्या बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी रविवारी सकाळी तीन तास एक खोली उघडी ठेवावी. मजबूत टेबल, दोन शिकंजे, ड्रिल, करवत, कानशी, सोल्डरिंगची डाखणी, संरक्षक चष्मे, एक अग्निशामक आणि दोन समोरासमोरच्या खिडक्या, एवढे पुरे. नामफलकवाल्या कारागिरास मानधन देऊन महिन्यातून दोन रविवार बोलवावे. त्याची तयारी आहे, मी विचारले आहे. शुल्क नाममात्र असावे आणि डॉक्टरांच्या मुलांना व कंपाउंडरच्या मुलांना सारखेच. प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये. पहिल्या सहा महिन्यांच्या साहित्याचा खर्च मी उचलतो आणि काचेची सिरिंजही देतो, तिची सुई तेवढी नवी घ्यावी लागेल.